देवगिरीच्या दारातला हौद



आपल्या लोकांचा वर्षाचा प्रवास ठरलेला असतो. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला विद्यापीठाचे गेट, दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. हा प्रवास आपण अभिवादनासाठी करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण पोराबाळांना घेऊन चार नवी ठिकाणे पाहावीत, डबा सोडून झाडाखाली बसावे, एखादा किल्ला चढावा, एवढ्यासाठी आपले कुटुंब घराबाहेर पडले असे कितीदा होते? कारखान्यात, नगरपालिकेत, दुसऱ्याच्या घरच्या धुण्याभांड्यांत आठवडाभर राबणाऱ्याला सहल ही चैन वाटते. आमच्या मंडळात सहलीचा विषय निघाला की एखादे ज्येष्ठ हमखास म्हणायचे, "त्या पैशात विहाराचे पत्रे येतील."

यंदा त्या ज्येष्ठांना आम्ही एक गोष्ट सांगितली. १९३४ साली खुद्द बाबासाहेब सहलीला निघाले होते. सभा नव्हती, परिषद नव्हती. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी आग्रह धरला, साहेब, आपण बरोबर असाल तर चार ठिकाणे पाहून येऊ, आणि साहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सगळे नाशिकला जमले. तीसेक माणसे, भाड्याच्या बसगाड्या आणि मोटारी. वाटेत येवला, मग निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला, पुढे औरंगाबाद आणि वेरूळ. हे सारे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणात स्वतः लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापले.

त्यात एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडगावात ज्या अडचणी येतात त्या टाळण्यासाठी ही मंडळी आपली ओळख न देता निघाली होती. जिथे थांबायचे तेवढ्याच गावच्या आपल्या लोकांना निरोप धाडला होता. गोलमेज परिषदेत लंडनला जाऊन बसलेला बॅरिस्टर आपल्याच मुलखात सहलीला निघतो तो गुपचूप! आमचे ज्येष्ठ यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची आणि आजीबाईंची वर्गणी आणून दिली.

आम्हीही नाशिकहूनच निघालो. लहानमोठे मिळून चाळीसजण, एक बस. १३ जानेवारीच्या पहाटे निघून येवल्याला मुक्तिभूमीवर वंदना घेतली. धर्मांतराची घोषणा झाली ती याच येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. म्हणजे ज्या सहलीत बाबासाहेब या गावावरून पुढे दौलताबादेस गेले, तिला दोन वर्षे व्हायच्या आतच. तिथून वैजापूर मागे टाकले आणि दुपारच्या आत तो डोंगर दिसू लागला.

डोंगर पाहिल्यावर पहिल्यांदा वाटते की हा कोणी हाताने घडवला असावा. माथा निमुळता आणि खालचा भाग भिंतीसारखा उभा. खरोखरच तो घडवलेला आहे. सुमारे दोनशे मीटर उंचीच्या या टेकडीचा खालचा दीडशे फुटांचा कडा चहूबाजूंनी तासून सरळ केला आहे, म्हणजे शत्रूला पाय ठेवायला जागाच राहू नये. त्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. आपण किल्ल्याचे नाव घेतो तेव्हा राजांची नावे घेतो. हा कडा ज्यांनी छिन्नी-हातोड्याने तासला, उन्हातान्हात किती पिढ्या खपल्या असतील, त्यांचे नाव एका दगडावरही नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. यादव राजा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी केली, नाव देवगिरी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला. राजा रामदेवराय होता, पण फौज मुलाबरोबर बाहेर गेलेली. किल्ला लढायला भक्कम होता. मात्र वेढ्यासाठी आत आणलेली धान्याची पोती उघडली तर त्यांत मीठ निघाले असे सांगतात. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले; काही वर्षांनी राजधानी परत दिल्लीला गेली. १३४७ मध्ये बहमनी राज्याची सुरुवात इथेच झाली. मग निजामशाही, १६३३ पासून मोगल, मधली काही वर्षे मराठे, आणि शेवटी हैदराबादचा निजाम, तो थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मांडून पाहिले: इतका अभेद्य म्हणून गाजलेला किल्ला, पण मालक किती वेळा बदलला! दर वेळी कडा चढून कोणी आला असे नाही. कधी दाणागोटा संपला, कधी आतला माणूस फुटला, कधी पैशाने काम केले. तटबंदीवर खर्च भरपूर, आणि धान्याचे पोते उघडून पाहायला कोणी नाही. हिशेबनीस बरा हवा होता, एवढेच आम्ही म्हणतो!

या मालकांत एक नाव आमच्या मुलांना आम्ही दोनदा सांगितले. मलिक अंबर. हबसाणातून, म्हणजे आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. बाजारात पुन्हा पुन्हा विकला जात तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने राजधानी दौलताबादेला आणली. जवळच १६१० साली खडकी नावाचे शहर वसवले आणि जमिनीखालून नळ टाकून त्या शहराला पाणी दिले. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. जिवंत होता तोवर मोगलांना त्याने दख्खन सुखाने पचू दिली नाही. १६२६ साली तो वारला. विकत घेतलेल्या गुलामाने शहराला पाणी पाजले, आणि त्याच्याच किल्ल्याच्या दारात तीनशे वर्षांनी काय घडले ते आता ऐका.

दरवाजाबाहेरच्या मोकळ्या जागेत आम्ही सर्वांना सावलीला बसवले आणि तो प्रसंग सांगितला. १९३४ ची ती मंडळी दौलताबादेस आली तेव्हा गावच्या वेशीवर आपले लोक वाट पाहत उभे होते. आधी चहा-फराळ घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. चहाची तलफ सर्वांनाच होती. पण दिवस मावळायच्या आत किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परत आल्यावर घेऊ असे सांगून गाड्या पुढे गेल्या. रमजानचा महिना होता. दरवाजाच्या बाहेर एक लहानसा हौद काठोकाठ भरलेला, भोवती रुंद फरसबंदी. अंगावर प्रवासाची धूळ. काहींनी सहज हौदाचे पाणी घेऊन फरशीवर तोंड-पाय धुतले आणि सगळे दरवाजात गेले. पहारेकऱ्याला आत जाण्याची रीत विचारतात तोच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा जातीवाचक शिवी देत ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. बघता बघता गर्दी जमली. आम्ही परगावचे, आम्हाला इथली वहिवाट ठाऊक नाही, असे सांगितल्यावर जमाव गावातल्या आपल्या लोकांवर उलटला: तुम्ही यांना का सांगितले नाही? गावचे ते बिचारे, हौदाशी पाणी घेतले गेले तेव्हा तिथे हजरही नव्हते. शिव्या मात्र त्यांनीही खाल्ल्या.

बाबासाहेबांनी संतापून त्या जमावाला विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी घेऊ देणार की नाही? जमाव गप्प झाला. मग पहारेकऱ्याला रोकडा सवाल: आत सोडता की नाही, नाहीतर आम्ही निघालो. पहारेकऱ्याने नाव मागितले. कागदावर नाव लिहून दिले, ते आतल्या अधिकाऱ्याकडे गेले, आणि हुकूम आला की किल्ल्यात जा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. हुकूम मोडला जाऊ नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

आमच्यातल्या आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, चहा पण घेतला नव्हता ना त्यांनी? मग वर तहान लागल्यावर काय केलं?" आम्ही म्हणालो, ते लिहिलेले नाही बाळा. तेवढ्यात आमच्या सत्तरीच्या आजी बोलल्या. बोलताना नेहमी हसणाऱ्या, पण तेव्हा हसल्या नाहीत. "काय करणार? आम्ही करायचो तेच. गावच्या विहिरीवर कुणीतरी येऊन वरून ओंजळीत पाणी टाकंस्तवर उभं राहायचं. तिथं तर टाकणारा पण नव्हता." मुलीने आपली बाटली उघडली आणि आधी आजींपुढे धरली.

इथे एक सांगणे जरूर आहे. हा प्रसंग ऐकून कोणी मुसलमान समाजाला नावे ठेवू लागला तर त्याला महाड आठवून द्यावे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपल्या लोकांची डोकी कोणी फोडली? आणि बडोद्याला पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना बाहेर काढायला काठ्या घेऊन आलेले कोण होते? बडोद्याचा आणि दौलताबादचा असे दोन्ही प्रसंग त्यांनी एकाच हेतूने सांगितले आहेत. हिंदूने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला या देशात इतर धर्मीयही अस्पृश्यच मानत. रोग एका घरातला, लागण साऱ्या गल्लीला. आमच्या बसचा चालक मुसलमान होता. तोही शेजारी बसून ऐकत होता. "आमच्यातल्यांनी पण अशी बेइमानी केली तर," एवढेच तो म्हणाला आणि सामानाची पिशवी उचलायला लागला.

आणखी एक सूचना. दरवाजातून आत गेल्यावर उजेडात एक प्रचंड चौकोनी टाके लागते, त्याला हत्ती हौद म्हणतात. तो निराळा. बाबासाहेबांनी लिहिलेला हौद लहान आणि दरवाजाबाहेरचा. मुलांना दाखवताना दोहोंची गल्लत करू नये.

हत्ती हौदाजवळच एक इमारत आहे, ती पाहून इतिहासाचे पुस्तक मिटावेसे वाटते. जुन्या देवळांचे कोरीव खांब आणून १३१८ च्या सुमारास मशीद बांधली, आणि १९४८ नंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती बसली. खांब तेच, छप्पर तेच. समोर चांदमिनार उभा आहे, पंधराव्या शतकातला, अजूनही देखणा.

पुढे चढ लागतो. चिनी महाल नावाच्या इमारतीत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ नंतर मरेपर्यंत कैदेत ठेवले. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की इथल्या तळघरांत कैदी टाकत आणि तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे. मुलांना हा भाग सर्वांत आवडला, हे कबूल केले पाहिजे. मेंढ्याच्या तोंडाची तोफ पाहून तर त्यांनी तिथून हलायलाच नकार दिला.

खंदक ओलांडायला एकच वाट, आणि ती ओलांडली की अंधारी. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा काळोखा भुयारी जिना. वळणे अशी की हाताला हात दिसत नाही, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. शत्रू आत शिरलाच तर तोंडाशी जाळ करून धुराने कोंडायची सोय. आज तिथे वटवाघळे आहेत आणि त्यांचा वास. आजींना आम्ही खालीच बसा म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "मी काय अंधार पाहिला नाही?" आणि एका हाताने नातवाचा शर्ट धरून चढल्या. माथ्यापर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत. त्या बारादरीपर्यंत आल्या, वारा खाल्ला, आणि आमच्यातल्या चार तरण्यांच्या आधी खाली पोहोचल्या.

बारादरीत बसून जुन्या किल्ल्यांचे आज काय होते यावर मंडळींत बरीच चर्चा झाली. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा किल्ला लष्कराकडे आहे. तिथे १९४२ ते ४५ नेहरू कैदेत होते. राजस्थानात कित्येक गढ्यांची हॉटेले झाली. आपल्याकडे २०१९ साली काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने द्यायची गोष्ट निघाली तेव्हा केवढा गदारोळ उठला. २०२५ च्या जुलैत रायगड, शिवनेरी धरून मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदच आहे. त्या डोंगरी किल्ल्यांच्या पायथ्याला महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या वस्त्या असत. रान राखायचे, रात्रीचा पहारा द्यायचा, बातमी आणायची ही कामे त्यांची. वारसा म्हणताना ही वस्तीही त्यात धरावी, एवढीच आमची अपेक्षा. देवगिरी त्या बारांत नाही. तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि तिकीट काढणाऱ्या कोणालाही आत जाता येते. खिडकीवर नाव विचारत नाहीत.

वर आमच्या शेजारी एक वाटाड्या दुसऱ्या एका मंडळीला माहिती देत होता. चांगला बोलत होता. भिल्लम ते औरंगजेब सगळे आले. त्याचे संपल्यावर आमच्यातले एकजण त्याच्याजवळ गेले आणि १९३४ चे विचारले. त्याने ते कधी ऐकले नव्हते. झेरॉक्स केलेली ती चार पाने आमच्याजवळ जादा होती, ती त्याला दिली. त्याने तिथेच पायरीवर बसून वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या पार्टीला सांगतो." सांगितले की नाही ते तुमच्यापैकी कोणी गेलात तर आम्हाला कळवा.

भिंतींवर कोळशाने आणि खिळ्याने लिहिलेली नावे पाहून मात्र वाईट वाटले. त्यांत एकदोन ठिकाणी 'जय भीम'ही दिसले. ज्या माणसाने आत यायला कागदावर नाव लिहून दिले, त्याचे नाव दगडावर ओरखडणे शोभत नाही. आपल्या मुलांना हे आपणच सांगितले पाहिजे.

रात्री शहरात एका विहारात उतरलो. १४ ला विद्यापीठाच्या गेटवर अभिवादन केले. १९७८ पासून नामांतरासाठी ज्यांनी घरे जळताना पाहिली, जीव दिला, त्यांच्यामुळे १९९४ साली ते नाव लागले, हे वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. गेटवरून नागसेनवनात गेलो. मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात १९५० सालची. कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. आठवीतल्या त्या मुलीने पाटीसमोर उभी राहून बोटांवर वजाबाकी केली. चौतीसला किल्ल्यात पाणी शिवू दिले नाही, पन्नासला तिथून पंधरा किलोमीटरवर कॉलेज. "सोळा वर्षं," ती म्हणाली. वजाबाकी बरोबर होती.

१५ ला वेरूळ. पहिली बारा लेणी आपली. दहाव्या लेण्यात वंदना घेतली तेव्हा आवाज असा घुमला की बाहेरचे लोक आत येऊन उभे राहिले. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

ज्या शाखांना जायचे असेल त्यांच्यासाठी: शहराच्या मध्यवर्ती स्थानकावरून वेरूळकडे जाणारी एस.टी. दौलताबादला थांबते. किल्ला सकाळी चढावा. अंधारीसाठी बॅटरी आणि पायांत पक्की चप्पल हवी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्याप्रमाणे वार धरावा. खर्चाचा तपशील मंडळाच्या फलकावर लावला आहे. वर्गणीतून उरलेले सहाशे चाळीस रुपये विहाराच्या पत्र्यांच्या खात्यात जमा केले, ही नोंद आमच्या ज्येष्ठांच्या खास आग्रहावरून.